कळ

आधी हाताचं सांगते. बाकी सगळं हातातूनच गेलं.

कबड्डीत बचाव करणाऱ्या पोरी शेजारणीचा हात धरून उभ्या राहतात. त्याला साखळी म्हणतात. आमच्या संघात डाव्या कोपऱ्यात मी, आणि माझ्या उजव्या हातात दुर्वाचा डावा हात. दुर्वा माझी धाकटी बहीण. माझं नाव निशिगंधा, पण इचलकरंजीत या नावानं मला फक्त पंच हाक मारतात. बाकी सगळ्यांची मी अक्का.

समोरून चढाई करणारी येते. एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत येते आणि पायानं खोटं बोलते. पाय टाकल्यासारखं करते, टाकत नाही. खांदा इकडं झुकवते आणि जाते तिकडं. याला हूल म्हणतात. हुलीला फसून तुम्ही पुढं झेपावलात की ती तुम्हाला शिवून परत जाते आणि तुम्ही बाद होऊन रेषेबाहेर बसता.

आम्ही दोघी फारशा फसायचो नाही. कारण दुर्वाच्या हातातून माझ्या हातात काहीतरी यायचं. बारीक, आखडल्यासारखं, काटा टोचावा तसं. आम्ही त्याला कळ म्हणायचो. कळ अर्धी येऊन विरली तर हूल. पूर्ण आली तर खरं. दुर्वाला दिसायच्या आधी कळ तिच्या हातात असायची आणि मला दिसायच्या आधी माझ्या. माझ्याकडूनही तिला जायची. कोणाची कोणाला गेली हे विचारायला वेळ नसायचा.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटची चढाई होती. समोरच्या पोरीचा उजवा पाय उठला आणि

 

घोटा माझ्या हातात होता. ती पालथी पडली होती, दुर्वा तिच्या पाठीवर, आणि लोक ओरडत होते. मधलं मला आठवत नाही. मधलं कधीच आठवायचं नाही. मधे शब्द नसायचे.

"तुम्हा दोघींना मिळून एकच मेंदू दिलाय का गं देवानं?" आमचे प्रशिक्षक हिंदुराव सर म्हणाले.

"एकच दिलाय सर. पण तो माझ्याकडं असतोय," दुर्वा म्हणाली.

"मग अक्का काय वापरती?"

"माझं वापरून उरलेलं."

सरडा

त्याच वर्षी सरडा काढायची लाट आली.

एसटी स्टँडवर मोठा फलक लागला होता: तुमच्यातला सरडा झोपवा. खाली एक हसरा ड्रायव्हर. आधी ड्रायव्हरांनी केलं, मग पहारेकऱ्यांनी, मग बँकेतल्या लोकांनी. चहाच्या गाड्यावर एकमेकांना विचारायचे, "काय, काढला का सरडा?" मोठ्या लीगमधल्या एका संघाची माणसं पोरी निवडायला आली तेव्हा त्यांनीही तेच विचारलं. त्यांना बचावासाठी स्थिर खेळाडू हवे होते. त्यांनी दुर्वाला निवडलं, सरडा काढायच्या अटीवर. मला म्हणाले, आधी स्थिर होऊन या, मग बघू.

मी दुर्वाबरोबर कोल्हापूरला गेले. तिथल्या केंद्रात डॉक्टर पद्मजा तेरदाळे होत्या. बाई बोलायला मोकळ्या.

"सरडा हा जाहिरातवाल्यांचा शोध," त्या म्हणाल्या. "खाली सरडा, मधे कुत्रं-मांजर, गच्चीवर माणूस, असे मेंदूत मजले नसतात. तसं एकेकाळी मानायचे. सरड्यालासुद्धा स्वतःचा अख्खा मेंदू असतो बिचाऱ्याला. पण लोकांना सरडा पटकन समजतो, म्हणून आम्ही काही बोलत नाही."

"मग काढता काय?" दुर्वानं विचारलं.

डॉक्टरांनी आपली मूठ अचानक तिच्या डोळ्यांपुढं आणली. दुर्वा मागं झाली. मीही झाले.

"हे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. डोळ्यांनी पाहिलेल्याची बातमी मेंदूत दोन वाटांनी जाते. एक वाट लांबची. ती डोक्याच्या मागच्या बाजूला जाते, तिथं ठरतं की ही मूठ आहे, डॉक्टरांची आहे, लागणार नाही. दुसरी वाट आखूड. ती मधल्या मेंदूच्या माथ्यावर, वाटाण्याएवढ्या उंचवट्यांवर जाते. तिथं कोणाची मूठ वगैरे काही कळत नाही. काहीतरी मोठं होत अंगावर येतंय, एवढंच कळतं, आणि लांबच्या वाटेची बातमी पोचायच्या आत अंग हललेलं असतं. मासा, बेडूक, सरडा, माणूस, सगळ्यांत ही आखूड वाट आहे. कबड्डीतली हूल या आखूड वाटेला फसवते. लांबच्या वाटेला हूल कळते, पण उशिरा.

"आम्ही बाहेरून, कवटी न उघडता, ध्वनिलहरी त्या ठिकाणी एकवटतो. तिथून अंगाकडं जाणारा दुवा तेवढा सैल करतो. दिसणं राहतं, समजणं राहतं. दचकणं जातं. त्या भागाला टेक्टम म्हणतात. लॅटिनमधे टेक्टम म्हणजे छप्पर."

"म्हणजे तुम्ही माझं छप्पर उडवणार," दुर्वा म्हणाली.

"उडवणार नाही. दोन कौलं सरकवणार."

"परत बसवता येतात?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "कौलं सरकवायला शिकलोय आम्ही. शाकारायला नाही अजून."

दुर्वा मला वेडावून दाखवत आत गेली. दार लागलं. आतून यंत्राची कळ दाबल्याचा आवाज आला. मी दचकले.

पाल

जेवायला बसलो होतो. आई वाढत होती. वरून पाल पडली ती दुर्वाच्या खांद्यावर.

आई ओरडली. माझ्या हातातली वाटी उडाली, आमटी भिंतीवर. पाल स्वतः एवढी घाबरली की शेपटी तिथंच टाकून सटकली. ती तुटलेली शेपटी ताटाशेजारी वळवळत राहिली. दुर्वानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला.

"कुठल्या खांद्यावर पडली गं?" आईनं विचारलं. तिला पंचांगात बघायचं होतं, शुभ की अशुभ.

"काय?"

"पाल."

"हां, पडली की. डाव्या." दुर्वानं शेपटीकडं पाहिलं. "अजून हलतीय बघ."

"अगं, पालीनं शेपूट टाकलं आणि तू घास खाल्लास?"

"मला दिसली ती. पाल आहे हे पण समजलं. मग कशाला उडायचं?"

आईनं कपाळाला हात लावला आणि हसायला लागली. "चांगलं झालं बाई. माझा काढाय गेलं तर घोरपड निघंल."

आम्ही तिघी हसलो. दुर्वाही हसली, अगदी पहिल्यासारखी. तिचं हसणं गेलं नव्हतं, रडणं गेलं नव्हतं, चिडणं तर मुळीच गेलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतेय. ती दगड झाली असती तर सोपं होतं.

साखळी

लीग सुरू व्हायला अवकाश होता. तोवर दुर्वा आमच्याच संघातून खेळत होती. पहिल्या सामन्यात मी तिचा हात धरला आणि

 

काही नाही. हात होता. गरम होता, घामेजला होता, बोटांत बोटं होती. आत काही नव्हतं. जिन्याचा कठडा धरावा तसं.

समोरच्या पोरीनं हूल दिली. माझ्यातली कळ उठली, मी वाट बघितली की दुर्वाकडून अर्धी येते की पूर्ण. आलीच नाही. मी एकटीच फसले, पुढं झेपावले. दुर्वाला हूल स्पष्ट कळली होती, ती जागची हलली नाही. तिनं हातही सोडला नाही. साखळीत हात सोडायचा नसतो, हे मीच तिला शिकवलं होतं.

माझा खांदा निखळला. आवाज लोकांनी ऐकला.

"एक कडी गरम आणि एक गार, साखळी तुटणारच," हिंदुराव सर नंतर म्हणाले. पूर्वी ते रेषेबाहेर उड्या मारायचे, शिट्टी गिळायचीच काय ती बाकी ठेवायचे. आता खुर्चीत बसून बोलतात. त्यांनीही केलं होतं, रक्तदाबासाठी. "अक्का, तू फसलीस हे चुकीचं न्हाई. पण आता फसणारी तू एकटीच उरलीस. खांदा बरा झाला की ठरव."

आईचं पडणं, दुर्वानं सांगितलं तसं

आई परड्यात धुणं वाळत घालत होती. फरशीवर शेवाळ होतं. तिचा डावा पाय सरकला. ती मागं पडली आणि डोकं हौदाच्या कडेला लागलं. मी दारात होते. ती पडणार हे मला दिसलं. मी निघाले, पण पोचायच्या आत ती पडली होती. मी विचारलं, लागलं का. ती माझ्याकडं बघत होती. म्हणाली, न्हाई गं, काय न्हाई. मी तिला उठवलं. तिनं उरलेली धुणी वाळत घातली.

आईचं पडणं, मी तिथं असते तर सांगितलं असतं तसं

ती धुणं, पाय तिचा, अगं आई

 

डोकं

 

धर धर, अगं कोणीतरी

 

मी तिथं नव्हते. मी खांदा शेकून घ्यायला दवाखान्यात गेले होते. आले तेव्हा आई भाजी निवडत होती. पडल्याचं तिनं सांगितलं, पण हसत सांगितलं. संध्याकाळी डोकं धरलं. दुसऱ्या दिवशी उलट्या झाल्या, बोलणं जड झालं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आत रक्त साचलंय, पडल्या पडल्या का आणलं नाहीत.

आईला थोडी शुद्ध होती. मी तिला तेच विचारलं. पडल्या पडल्या बोलली का नाहीस?

"दुर्वाच्या तोंडाकडं बघितलं," ती म्हणाली. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलत होती. "तोंड गप होतं तिचं. म्हटलं, मग काय झालं नसंल."

लहान पोर पडलं की लगेच रडत नाही. आधी आईच्या तोंडाकडं बघतं. आईचा चेहरा घाबरला तर लागलं, नाहीतर नाही. आमच्या आईनं आम्हा दोघींना असंच वाढवलं. पडलं की तोंड फिरवायची. आणि आता तिनं स्वतः पडल्यावर पोरीच्या तोंडावर वाचलं की आपल्याला काही झालं नाही.

दुर्वा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं ऐकलं.

आई गेली.

आत

दुर्वा खूप रडली. डोळे सुजेपर्यंत. शेजारच्या बायका म्हणत होत्या, मोठीपेक्षा धाकटीच खचली.

"मी घाबरले होते अक्का," ती मला म्हणाली. आम्ही परड्यात होतो, हौदाकडं पाठ करून. "आत घाबरले होते. खरंच. बाहेर आलंच नाही."

"माहितेय मला."

"तू असतीस तर तू बोंबलली असतीस."

"व्हय."

"मग ती तुझ्याकडं बघून रडली असती. मग आपण नेलं असतं."

रस्त्यावर कोणाच्या तरी ट्रॅक्टरनं धडाधड आवाज केला. मी उडाले. दुर्वानं माझा हात धरला होता, धरूनच राहिली. तिनं डोळे मिटले.

"आली," ती म्हणाली.

"काय?"

"कळ. मला अजून येतीय अक्का. माझी तुझ्याकडं जात नाही, पण तुझी माझ्याकडं येती." तिनं माझा हात आपल्या मांडीवर ठेवला. "तू दचकलीस की मला कळतं, दचकायचं होतं. नाहीतर मला काहीच नसतं. सगळं नुसतं दिसत राहतं." मग म्हणाली, "तू काढू नकोस. सर काय म्हणू देत. घरात एक तरी छप्पर राहू दे."

"आणि खेळायचं?"

"मी खेळते दोघींचं."

"साखळीत मी नसणार मग."

पुढं काय ते तिलाही समजत होतं. ती लीगला जाणार, दुसऱ्या कोणाचा तरी गार हात धरणार. आणि घरी बहिणी-बहिणी काही रोज हात धरून बसत नाहीत.

टायर

एसटी स्टँडवर बसचा टायर फुटला. दारूगोळा उडाल्यासारखा आवाज झाला. मी खाली बसले, कान झाकले, पिशवीतले टोमॅटो सांडले.

वर पाहिलं. अख्ख्या स्टँडवर कोणी हललं नव्हतं. माणसं टायरकडं बघत होती, मग माझ्याकडं. एका म्हाताऱ्या गृहस्थानं माझे टोमॅटो गोळा करून दिले. फार प्रेमानं म्हणाले, "बाळ, अजून काढला न्हाईस? हल्ली त्रास होत असंल."

होत होता. आई गेल्यापासून मी सगळ्यालाच दचकत होते. कुकरची शिट्टी, दाराची कडी, नळाला पाणी आल्याचा फस्स आवाज. परड्यात जाता येत नव्हतं. हौद दिसला की मनात माझाच पाय सरकायचा, डोकं आपटायचं, रोज, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी मी मधेच तुटायचे. पूर्वी माझी कळ अर्धी दुर्वाकडं जायची, तिची अर्धी माझ्याकडं यायची, त्यामुळं दोघींना पुरेल एवढीच असायची. आता दुर्वा घ्यायची, पण द्यायची नाही. गावात कोणीच द्यायचं नाही. सगळ्या गावाचं दचकणं माझ्या एकटीवर आलं होतं.

शाकारणी

डॉक्टर तेरदाळेंनी मला ओळखलं. आईचं मी सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"आम्हाला वाटलं होतं, दचकणं ज्याचं त्याचं असतं," त्या म्हणाल्या. "ज्याला नको त्यानं काढून टाकावं, दुसऱ्याचं काय बिघडतं? आता वाटतं तसं नसावं. हरणांच्या कळपात एक दचकतं म्हणून बाकीची वाचतात. तो दुवा नुसता हातापायांकडं जात नव्हता. चेहऱ्याकडं जात होता, आवाजाकडं जात होता. दुसऱ्यांसाठी. तो भाग एकट्याचा नव्हताच बहुतेक."

"हे लोकांना सांगणार का?"

"सांगितलंय. छापून आलंय." त्यांनी टेबलावरची टाचणी सरळ केली. "पण वाचून कोणी दचकत नाही आता."

"मग बंद करा."

"माणसं रांगेत उभी आहेत. तुम्हीसुद्धा आलाय."

मी मान खाली घातली. "तुम्ही केलंय?"

"सुरुवातीलाच. यंत्र आधी माझ्यावर लावलं." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना वाईट वाटत होतं, ते डोळ्यांत होतं. डोळ्यांच्या बाहेर नव्हतं. "बहिणीला विचारलंत?"

"ती नको म्हणते."

"मग?"

मी सांगू लागले की खांदा बरा झालाय, सरांना उत्तर द्यायचंय, लीगमधे तिच्या शेजारी उभं राहायचंय. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण मधेच बाहेर कोणीतरी स्टीलचं भांडं पाडलं आणि मी

 

खुर्चीतून उठून भिंतीला टेकलेली होते. डॉक्टर जागेवरच होत्या.

"एवढंच थांबवा," मी म्हणाले.

त्यांनी मला आत नेलं. उशी थंड होती. त्या म्हणाल्या, हलू नका. मग त्यांनी कळ दाबली.

मधलं

आता मला सगळं नीट सांगता येतं.

आईचा डावा पाय शेवाळावर सरकला. ती मागं गेली. हातातलं ओलं लुगडं सुटलं आणि दोरीवर अर्धं अडकलं. डोकं हौदाच्या कडेला लागलं. मी तिथं नव्हते, पण मला पूर्ण दिसतं, एका ओळीत, कुठं न तुटता. वाईट वाटतं. पाणी येतं डोळ्यांत. मग मी परड्यात जाऊन धुणं वाळत घालते.

दुर्वाच्या संघानं मला घेतलं. लीगच्या पहिल्या सामन्याला मी डाव्या कोपऱ्यात उभी राहिले. दुर्वाला मी काही सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, माझा खेळ बघून नियम वाकवला असेल. ती इतकी खूश होती की मैदानात येताना माझी वेणी ओढून म्हणाली, "चल, माझं उरलेलं वापर." मग तिनं आपला डावा हात पुढं केला. मी धरला.

समोरची पोर चढाईला आली. ती उंच होती, तिच्या गुडघ्याला निळी पट्टी होती. ती मध्यरेषा ओलांडून माझ्याकडं आली. तिनं उजवा पाय उचलला. आधी टाच उठली, मग चवडा. पाय माझ्या दिशेनं मोठा होत आला आणि मला दिसलं की ती तो टाकणार नाही. तिनं टाकला नाही. ही हूल होती. दुर्वाच्या बोटांनी माझी बोटं किंचित दाबली. कळ नव्हती ती, दाबणं होतं, मुद्दाम केलेलं, विचारल्यासारखं. मग पोरीनं डावा पाय टाकला, तो खरा होता. मी वाकले, उजव्या हातानं दुर्वाचा हात सोडला, दोन्ही हातांनी घोटा धरला. दुर्वानं वरून कंबर धरली. पोर पडली. तिचा दम सुटला. पंचांनी शिट्टी दिली.

मधलं सगळं मला दिसलं. मधे कुठंही रिकामं नव्हतं.

टाळ्या वाजल्या. हल्ली टाळ्या एकदम सुरू होतात आणि एकदम थांबतात.

आम्ही उठलो. दुर्वानं परत माझा हात घेतला. पुढची चढाई अजून सुरू व्हायची होती, हात धरायची गरज नव्हती. तिनं धरला आणि माझ्या तळव्यावर अंगठा फिरवला, एखादी वस्तू हरवल्यावर पिशवीच्या तळाशी हात फिरवावा तसा.

"अक्का, हूल आली तेव्हा तुझ्याकडून काही आलं नाही."

"न्हाई."

"कधी केलंस?"

"खांदा बरा झाल्यावर."

तिनं मान हलवली. हात सोडला नाही. पुढची चढाई करणारी रेषेपाशी येऊन उभी राहिली होती, दम भरत होती.

मी दुर्वाच्या तोंडाकडं बघितलं. तोंड गप होतं तिचं. म्हटलं, मग काही झालं नसेल.